खोपीतली जागा

गुरुवार, १४ सप्टेंबर

एवेलियो,

पत्राच्या सुरुवातीला जे चांगलंचुंगलं लिहायचं असतं ते मी लिहिलं आहे असं समज आणि पुढं वाच. चेओ दुधाची गाडी जुंपून दारात उभा आहे. त्याची घोडी माझ्याहून उतावळी आहे.

मी ओंदीना. अक्षर ओळखलं असशीलच. सहावीत शाळा सोडली तेव्हा होतं तसंच आहे.

नऊ वर्षांनी पत्र आलं म्हणजे कुणी गेलं, असं तुझ्या बायकोला वाटेल. तिला सांग, कुणी गेलेलं नाही. आई आहे. चौऱ्याऐंशी पुरी झाली. कमरेचं हाड मोडल्यापासून काठी घेऊन चालते, जीभ मात्र बिनकाठीची चालते.

कामाचं लिहिते. रेडिओवर सकाळपासून एकच चाललंय. वादळ जमैकाच्या खाली आहे, रोज वाढतंय, सोमवारी आपल्या पिनार प्रांतावर येणार. चेओ म्हणतो दरवेळी असंच सांगतात आणि शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जातं. म्हणू दे. घरावर मागच्या वादळानंतर मिळालेले पत्रे आहेत, त्यातले निम्मे मी तारेनं बांधून ठेवलेत. ते काय टिकायचे? आसऱ्याला उरली बाबांची खोप.

खोपीची दशा वाईट आहे. मी तिच्यात डुकरीण ठेवते. तुला राग येईल, येऊ दे. मार्केसाला ठेवायला दुसरी जागा नव्हती, आणि मला स्वतःला तिथं पाऊल टाकवत नव्हतं. वासे जिथं जमिनीत शिरतात तिथं कुजलेत. उत्तरेकडच्या पाखीवरच्या झावळ्या इतक्या विरल्यात की आत वाकून बसलं तरी आभाळ दिसतं. आढ्याच्या टोकाचा बांध सुटलाय. तो मला येत नाही. बाबांनी तो तुला शिकवला, मला पानं सुईदोऱ्यात ओवायला बसवलं. तू आता विन्यालेसला परदेशी पाहुण्यांसाठी झावळ्यांची छपरं शाकारतोस म्हणे, आणि ते त्याखाली बसून बर्फ घातलेली रम पितात. त्यांना सावली पुरते. आम्हाला खोप लागणार आहे.

आईला बसनं पाठव म्हणशील. ऐक मग. वस्तीच्या समितीची सोइला काल यादी घेऊन आली.

"राफाएला काकू, शनिवारी दुपारी बस येणार. एक पिशवी, एक चादर, औषधं."

"कुठं नेणार?"

"शहरातल्या शाळेत."

"लहानपणी गेले नाही, आता कशाला जाऊ?"

"काकू, चेष्टा पुरे. येत नसाल तर इथं सही करा."

"शाळेत गेले असते तर सही करता आली असती ना गं बाई."

सोइला माझ्याकडं बघते, मी सोइलाकडं बघते. शेवटी मी सही केली. आई म्हणाली, "मी खोपीत बसेन. माझ्या नवऱ्यानं भुईवर नुसतं छप्परच ठेवलंय. भिंतच नाही तर वारा ढकलणार कशाला?" हे बाबांचं बोलणं आहे, तुलाही माहीत आहे.

तेव्हा ये. शुक्रवार-शनिवार दोन दिवस पुरतील. तुझं नाव मी अजून तिच्याजवळ काढलेलं नाही. ते मी बघते. मागच्या वेळी खोपीत माणसाच्या जागी तंबाखूचे गठ्ठे भरले आणि बाबा तंबाखूघराखाली सापडले, ते तिच्या डोक्यातून गेलेलं नाही, जाणारही नाही. पण वादळ काही त्यासाठी थांबत नाही.

ओंदीना

शुक्रवार, १५ सप्टेंबर

एवेलियो,

चेओनं तुझा कागद दिला. दीड ओळ. "वासे कुदळीच्या दांड्यानं ठोकून बघ, किती गेलेत ते कळव. आई मला आवारात येऊ देईल का?" वर ताई लिहिलेलं नाही, खाली नाव नाही. बरोबर आहे.

वासे ठोकले. बावीस आहेत, त्यातले सात वाजतच नाहीत, ठोकलं की दांडा आत जातो. पुढचे चार, मागचे तीन. झावळ्या मी चेओला सांगून ओढ्यापलीकडून आणवल्यात, दोन गाड्या. सालीचा दोर घरात आहे, बाबांनी वळलेला, अजून चांगला आहे. मार्केसाला बाहेर काढलं, ती दाराशी आडवी पडून ओरडत होती जशी काही तिच्या नावावर केलेली होती खोप.

बाकीचं सांगते म्हणजे तुला कळेल की मी हात बांधून बसलेली नाही. अवोकाडो सगळे उतरवले, कच्चे होते तेही. केळी कंबरेइतक्या उंचीवर छाटल्या. पिंपं भरली. काळा घेवडा सगळा शिजवला, कारण नंतर चूल कुठं आणि मी कुठं. कॉफी भाजून कुटून बाटलीत भरली. गाद्या टेबलावर, टेबल भिंतीला. बाबांचा फोटो आणि घराचे कागद नायलॉनच्या पिशवीत घालून पिशवी दुसऱ्या पिशवीत. पत्र्यांवर वाळूची पोती टाकली, एक पोतं फुटलं ते माझ्या अंगावर. आईनं दारामागं ठेवलेली झावळी, ती पाद्र्यानं मंतरून दिलेली, चुलीत जाळायला सांगितली आणि राखेचा क्रूस उंबऱ्यावर काढून घेतला. काढला मी, सांगत होती ती. "वाकडा काढलास. वादळाला वाटेल इथं कुणी आंधळं राहतं." अशी दिवसभर. दमले मी. माझ्या पाठीला वाटतं की वादळ येऊन गेलं.

आता मुद्द्याचं. आईला सांगितलं तू येणार म्हणून. ती शेंगा निवडत होती. हात थांबला नाही.

"कोण येणार?"

"एवेलियो. खोप नीट करायला."

"मग मी खोपीत बसणार नाही."

"आई, दुसरं कुणाला येतं का ते?"

"त्याच्या हाताच्या खोपीत मी बसणार नाही. मार्केसाला बसव. ती कुणालाही हाताळू देते."

"वेडी आहेस का तू? मरशील."

"तुझे बाबा मेले. पान मेलं नाही. एक पान भिजलं नव्हतं, आठवतं? मी हात घालून बघितले होते गठ्ठे. कोरडे, गरम, नवरा बायकोला झोपवतो तसे नीट झोपवलेले. आणि मी विचारलं हे कुणी भरलं, तर तो म्हणाला, मी."

मी उठले आणि कोंबड्या झाकायला गेले. झाकून झाल्या होत्या.

एवेलियो, पान तू भरलंस पण भर म्हणून मी सांगितलं. तुला आठवतं, मला आठवतं. पान उचलायला सरकारी ट्रक येणार म्हणून जूनपासून सांगत होते, ट्रक आला नव्हता, आख्ख्या वर्षाचं पान तसंच पडलं होतं. मी म्हणाले, "पान आधी. बाबा ओढ्यापलीकडं तोमासाच्या घरी गेलेत, तिच्याकडं काँक्रीट आहे." तू विचारलंस, "नक्की?" मी म्हणाले, "नक्की." मला नक्की काही माहीत नव्हतं. तू गठ्ठे आत फेकायला लागलास.

दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं तेव्हा तू "मी" म्हणालास आणि माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं आता पुढचं बोलशील. तू बोलला नाहीस. मग मी पण नाही. मग चार दिवसांनी बोलणं अवघड झालं, वर्षानं त्याहून. तू विन्यालेसला गेलास तेव्हा मला बरंच वाटलं. हे लिहायला नको होतं, पण कागदाच्या मागच्या बाजूला जागा उरली आहे.

तरी ये. तू काम करत असताना ती बघेल आणि गप्प बसेल. हाताला धरून आत बसवू.

ओंदीना

शनिवार, १६ सप्टेंबर, सकाळ

एवेलियो,

तुझा कागद. "तू तिला सांग. सांगितलंस की येतो. तिला धरून आत बसवणार असशील तर मी येत नाही, मी कुणाला आयुष्यात धरून कुठं बसवलेलं नाही."

एवढं मोठं वाक्य तू कधी बोलला नव्हतास. बायकोनं सांगितलं का लिहायला?

मला काय वाटलं ते ऐक. असा राग आला की चेओला म्हणाले, त्याला सांग तिकडंच बस रम पाजत. इथं पंधरा वासे धड आहेत, त्यावर निभेल. चेओ म्हणाला, "ओंदीना, मी दूध नेतो. असलं काही नेत नाही. लिहून दे." म्हणून लिहून देते. पण आज दुपारचा त्याचा दुसरा फेरा आहे, तोपर्यंत थांबायला सांगितलंय.

तोमासाकडं आत्ताच अकरा माणसं आहेत, तिच्या जावयाकडची. आईला विचारलं. म्हणाली, "तिथं तुझे बाबा पोचले नाहीत, तिथं मी जाणार नाही."

आकाश पिवळं झालंय. सकाळपासून एक पक्षी नाही.

त्याच दिवशी, दुपार

बस आली आणि गेली. सोइलानं आईला खिडकीतून हाक मारली, आईनं तिला हात हलवून निरोप दिला, जशी सोइलाच कुठं लांब निघाली होती.

मग मी सांगितलं.

कसं सांगितलं ते लिहिते. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी लिहिते. उद्या मी वेगळंच आठवेन. ती मालांगाचे कंद सोलत होती. मी उभीच राहिले, बसले असते तर बोलले नसते.

"आई, पान भरायला मी सांगितलं. एवेलियोला वाटलं बाबा तोमासाकडं आहेत. मीच तसं सांगितलं होतं."

सुरी चालू होती. आई अशी सोलते की साल तुटत नाही, तुला माहीत आहे. साल लांब होत होत तिच्या मांडीवर आली.

"आणखी?" ती म्हणाली.

मी म्हणाले, एवढंच.

"आणखी आहे. तू लहान असताना चोरून साखर खाल्लीस की अशीच उभी राहायचीस. अर्धी सांगून."

मग मी उरलेलंही सांगितलं. ते तुला लिहीत नाही. ते तुला माहीत नाही आणि आत्ता तुझ्या हातात काम आहे.

साल तुटली. तिनं सुरी खाली ठेवली. मी म्हटलं रडेल, शिव्या देईल, काठी तरी फेकेल. ती मला म्हणाली, एखाद्या बाहेरच्या बाईला वाट सांगावी तशी म्हणाली: "त्याला बोलाव. मी खोपीत बसते. आणि तू तोमासाकडं जा. तिच्याकडं काँक्रीट आहे."

झालं. तुझी अट पुरी केली. उद्या पहाटे चेओच्या गाडीत बस. हत्यारं तुझी आण, इथली कुदळ सोडून सगळं गंजलंय. आणि येऊन माझ्याशी बोलायची गरज नाही. मी भात टाकून ठेवीन.

ओंदीना

शनिवार, २३ सप्टेंबर

एवेलियो,

तू मंगळवारी बायकोची काळजी म्हणून घाईनं निघालास. चेओचा रस्ता आजच सुरू झाला, म्हणून आज लिहिते. तिकडं छपरं किती उरली ते कळव. इथं काय उरलं ते तुला माहीत आहे. घराला पत्रे नाहीत, दोन पत्रे तोमासाच्या आंब्यात सापडले, कापडासारखे दुमडलेले. आम्ही अजून खोपीतच राहतो. मार्केसा पण.

तू खोपीत मला दोनदा विचारलंस, "तोमासाकडं का गेली नाहीस?" मी उत्तर दिलं नाही. वारा इतका होता की द्यायलाही नको होतं. आता देते.

आधी रविवारचं. तू आलास, टोपी काढलीस, आई झुलत्या खुर्चीत होती. तू थेट खोपीकडं गेलास आणि वासे उपटायला लागलास. तास गेला, दोन तास गेले. मी भात घेऊन आले तेव्हा आई खुर्ची अंगणात ओढून घेऊन तुझ्यापासून पाच हातांवर बसली होती. तू आढ्यावर होतास.

"ती गाठ ढिली आहे."

"नाही आई, घट्ट आहे."

"ढिली आहे म्हणते ना. तुझे बाबा गुडघा लावून ओढायचे."

तू गुडघा लावून ओढलीस. नऊ वर्षांनी तुम्ही दोघं एवढं बोललात. मी भाताचं ताट झाडाखाली ठेवलं आणि आत जाऊन भांडी घासली, स्वच्छ होती तरी.

सोमवारी सकाळी पाऊस आडवा झाला तेव्हा तू आईला उचलून आत नेलंस. मी घराला कडी लावत होते. तू म्हणालास चल. आई आतून म्हणाली, "ती तोमासाकडं जाते." तू माझ्याकडं बघितलंस. मी म्हणाले, हो, जाते, आणि नायलॉनची पिशवी डोक्यावर घेऊन निघाले. तुला वाटलं माझा हट्ट. हट्ट नव्हता.

शनिवारी आईला जे जास्तीचं सांगितलं ते हे. त्या वादळात बाबा खोपीच्या दाराशी आले होते. तू मागं होतास, आई तुझ्या शेजारी, मध्ये गठ्ठे छपराला टेकलेले, वाऱ्यात तुम्हाला ना काही दिसलं ना ऐकू आलं. दाराशी मी होते. बाबांनी वाकून आत बघितलं. अंगावरून पाणी गळत होतं त्यांच्या. म्हणाले, "जागा आहे का गं?" जसं बसमध्ये विचारतात तसं. एक गठ्ठा बाहेर ढकलला असता तर झालं असतं. एक. मी म्हणाले, "बाबा, तोमासाकडं जा. तिच्याकडं काँक्रीट आहे." ते म्हणाले, "बरं." आणि गेले. मी दाराची झडप ओढून घेतली.

नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते गेलेच नाहीत. हट्टी होते, उरलेली पानं बघायला तंबाखूघरात शिरले. सगळी वस्ती हेच म्हणायची, म्हातारा पानासाठी मेला. मी पण मान हलवायचे. इतकी हलवली की मला खरं वाटायला लागलं.

सोमवारी मी तोमासाकडं निघाले ते त्यांच्याच वाटेनं. दुसरी वाट आहे कुठं? ओढ्यापाशी पोचले. रविवारी तू जिथं हात धुतलेस तो ओढा. पाणी गुडघ्याला होतं. मी चप्पल काढून हातात घेते तोवर मांडीला आलं. पलीकडं तोमासाचं घर दिसत होतं, दारात कुणीतरी उभं राहून हात हलवत होतं, ये म्हणत होतं का जा म्हणत होतं कळेना. एक केळीचं झाड मुळासकट माझ्या समोरून गेलं, त्यावर कोंबडी होती. मी दोन पावलं टाकली आणि माझे पाय सुटले. कशाला धरलं ते आठवत नाही. बाहेर पडले तेव्हा चपला नव्हत्या.

ओढा ओलांडता येत नव्हता, एवेलियो. तेव्हाही येत नसणार. बाबा गेले होते. मी सांगितलं तिथं गेले होते, आणि पाण्यानं परत फिरवलं. तिथून मागं फिरलं की समोर तंबाखूघर येतं, आणि त्याच्या मागं दीडशे पावलांवर खोप.

तू विचारशील मग परत खोपीकडं का आली नाहीस. तंबाखूघराच्या आडोशाला उभी राहिले तेव्हा मी पण हाच विचार केला. दीडशे पावलं. ओरडले असते तर कदाचित ऐकू आलं असतं. पण एकदा जागा नाही म्हटल्यावर माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही. ते मला त्या वेळी कळलं. मी आत शिरले. यंदाचं सगळं पान वर काठ्यांवर लटकत होतं, तसंच, ट्रक यंदाही आलेला नाही. आत वास किती चांगला होता. बाहेर जग फाटत होतं आणि आत तो वास. मी बाबा सापडले त्या खांबाशी जाऊन बसले. मी मरायला बसले होते असं समजू नकोस. बसायला तीच जागा होती.

लाकूड कण्हायला लागलं तेव्हा तू दारात दिसलास. ओरडलास, "ताई!" नऊ वर्षांनी. वर लिहायला तुला जमलं नव्हतं. तुझ्या कमरेला सालीचा दोर होता. तू मला काखेत धरून ओढलंस, मी जमिनीवरून घसटत आले, गुडघे अजून काळे आहेत. आपण खोपीशी पोचलो आणि मागं आवाज झाला. मी वळून बघितलं नाही. कॉफी उकळायला लागते तेवढाही वेळ गेला नव्हता. तंबाखूघर खाली, आख्खं वर्ष खाली. मंगळवारी तू ते उकरून बघत होतास, कोरडं काही मिळतं का म्हणून. मी तुला सोड म्हणाले ते खरंच म्हणाले. एका वर्षाचं पान गेलं तर गेलं.

मला आणायला तुला आईनं पाठवलं की तू आपणहून आलास, हे मला सांगू नकोस. तोमासाकडचे हात हलवत होते ते तुम्हाला खोपीतून दिसलं असेल, नसेलही. मी एवढं बघितलं की दोराचे मधल्या खांबाला दोन वेढे होते आणि टोक आईच्या मुठीत होतं. वेढे पुरेसे होते. गाठ तुझी होती. तिला धरायची गरज नव्हती.

आता शेवटचं, जे तू बघितलं नाहीस. तू झडप बांधत होतास, तुझी पाठ होती. आत तुला माहीत आहे किती जागा होती. मागं बियाण्याचा डबा, पाणी, घेवड्याचं भांडं, मधोमध मार्केसा लोळलेली, आणि आई मोडक्या कमरेमुळं पाय लांब करून बसलेली, दारापर्यंत. मी दाराशी वाकून उभी. पाणी गळत होतं माझ्या अंगावरून. मी काही विचारलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, आढ्याकडं बघत होती, तुझ्या गाठीकडं. आणि मग तिनं पाय आखडला. दुखत होतं तिला, ओठ दाबून धरला होता. दोन्ही हातांनी गुडघा उचलून जवळ घेतला. वीतभर जागा झाली असेल.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. कॉफी देते, पिते. केस विंचरून देते, विंचरून घेते. आज सकाळी मार्केसाला म्हणाली, "हिला सांग कॉफी पातळ झालीय." तुझ्यावर नऊ वर्षं राग धरला होता तिनं, तो पण चुकून. माझ्यावर तर बरोबर धरलाय. पाचच दिवस झालेत. ती चौऱ्याऐंशीची आहे, पण तुला माहीत आहे, तिच्या आईनं शंभरी गाठली होती.

मी वाट बघायला मोकळी आहे. सांभाळायला छप्पर तर नाहीच.

पुढच्या रविवारी ये. तिनं दोनदा रस्त्याकडं बघितलंय, तोंडानं म्हणणार नाही. येताना खिळे आण, वाकडे असले तरी चालतील, मी दगडावर ठेवून सरळ करीन. बायकोलाही आण. मार्केसाला बाहेर काढलं की चौघं मावतात, मी काल झोपून मोजून बघितलं.

ताई